दार लावून झोप, पण किल्ली खुंटीला

प्रिय लेकी,

खोलीचे फोटो मिळाले. खिडकी मोठी आहे, टेबलही पुरेसं आहे. दाराची आतली बाजू मात्र एकाही फोटोत नाही, आणि मला नेमकी तीच बघायची होती. रात्री आग लागली तर तुला त्याच दारातून बाहेर पडायचं आहे.

आज रात्री दिवा बंद कर, पलंगावर आडवी हो आणि डोळे मिटून दारापर्यंत जा. वाटेत काय काय लागतं? खुर्ची, बॅग, कपड्यांचा ढीग? कडी वर आहे की खाली? कुलूप आतूनही किल्लीनेच उघडतं का? तसं असेल तर मालकाला सांगून बदलून घे. आतून नुसती मूठ फिरवली की उघडेल असंच कुलूप हवं. बदलून मिळेपर्यंत किल्ली दाराशेजारी खुंटीला असू दे, खांद्याच्या उंचीवर, रोज त्याच जागी. बॅगेच्या तळाशी किंवा कालच्या जीन्सच्या खिशात नको. दाट धुरात दिवा लावूनही काही दिसत नाही, हाताला लागेल तेच खरं. हेच खिडकीच्या ग्रिलचं. त्यात उघडणारी झडप असेल, तर ती खरंच उघडते का ते बघ. गंजलेली किंवा वरून रंग फासून चिकटलेली झडप म्हणजे भिंतच.

एवढी घाई कशाची, असं तुला वाटेल. घाई आहे. फोमची गादी, पॉलिएस्टरचे पडदे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या हे सगळं खनिज तेलापासूनच बनतं आणि जळतंही तसंच. अशा सामानाच्या खोलीत एक कोपरा पेटला की तापलेला धूर छताला साचतो आणि तिथून खालच्या वस्तू भाजू लागतो. तो थर साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सियसला पोचला की सगळी खोली एकदम भडकते. पहिल्या ज्वाळेपासून तिथवर जायला तीन ते पाच मिनिटं पुरतात. पूर्वीच्या लाकडी, सुती सामानाला याच्या कितीतरी पट वेळ लागायचा. आणि माणूस बहुधा आगीच्या आधी धुराने जातो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग विचार सुटतो, मग पाय. वासाने जाग येईल या भरवशावर राहू नकोस. झोपेत नाक पहारा देत नाही, कान देतात.

म्हणून कानांची सोय बघ. खोलीत धुराचा अलार्म आहे का? तो छतावर, भिंतीच्या कोपऱ्यापासून थोडा दूर असावा. अगदी कोपऱ्यात हवा कोंडून राहते, तिथे धूर उशिरा पोचतो. त्याच्या मागे बनवल्याची तारीख छापलेली असते. दहा वर्षं झाली असतील तर बॅटरी बदलून उपयोग नाही, आतला सेन्सरच थकलेला असतो, अख्खा अलार्म बदलावा लागतो. महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवून बघ. दर मिनिटाला एकदा ‘टिक’ करत असेल, तर बॅटरी संपत आली आहे असं तो सांगतोय. त्या आवाजाला वैतागून बॅटरी काढून ठेवायची, हा सगळ्या वसतिगृहांतला सर्वात धोक्याचा उद्योग. शेगडीच्या वाफेने सारखा वाजत असेल तर तो शेगडीपासून तीन मीटरवर हलवायला सांग, बंद करू नकोस. अलार्मची सवय होणं किती वाईट, हे १९ जानेवारी २००० च्या पहाटे न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात दिसलं. पेटला होता सामायिक बैठकीतला सोफा. तीन विद्यार्थी गेले. आधीच्या महिन्यांत खोटे अलार्म इतके झाले होते की बऱ्याच जणांनी हाही खोटाच धरला. तू मात्र शंभराव्या खेपेलाही उठ.

झोपताना दार लोटून नव्हे, नीट बंद करून झोप. साधं लाकडी दारही बंद असेल तर धूर आणि आच बराच वेळ पलीकडे थोपवून धरतं. कुणी आगीतून बाहेर पडताना दार उघडं टाकलं की जिन्यात धूर भरतो आणि वरच्या मजल्यांवरच्यांची वाट बंद होते. जिन्याजवळच्या आपोआप मिटणाऱ्या जड दारांना वीट किंवा चप्पल लावून ठेवलेली दिसेल. येता-जाता ती काढत जा. भांडण झालं तरी चालेल.

आता मजला चालून बघ. तुझ्या दारापासून जिन्यापर्यंत डाव्या हाताला किती दारं लागतात, ते मोज. दुसरा जिना असेल तर तिकडचीही मोज. अंधारात भिंतीला हात लावून दारं मोजता येतात, पाट्या वाचता येत नाहीत. जिन्यात सायकली, खोकी, जुनी गादी पडली असेल तर फोटो काढून लेखी तक्रार कर. लिफ्टकडे वळायचंच नाही. वीज गेली की ती मधेच अडकते, आणि तिचा खड्डा चिमणीसारखा धूर वर ओढतो. गच्चीकडेही नको. धूर वर चढतो, आणि गच्चीच्या दाराला बहुतेक कुलूप असतं.

खोलीतल्या विजेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे गडबड हळूहळू होते आणि दिसत नाही. एक्स्टेन्शन बोर्डाच्या मागे किती अँपिअर, किती वॉट ते छापलेलं असतं, ते वाच. किटली १५०० ते २००० वॉट घेते, रूम हीटर २०००, केस वाळवायचा ड्रायरही हजाराच्या पुढे. लॅपटॉपचा चार्जर मात्र साधारण ६५. म्हणजे ज्याचं काम तापवणं आहे, ते थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लाव, आणि एका वेळी एकच. बाकी लॅपटॉप, फोन, टेबलावरचा दिवा बोर्डावर खुशाल राहू दे. बोर्डाला बोर्ड जोडू नकोस. वायर गादीखाली, सतरंजीखाली किंवा दाराच्या फटीतून नेऊ नकोस. रिळावर गुंडाळलेली लांब वायर वापरायची असेल तर पूर्ण उलगडून वापर, नाहीतर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेरच पडत नाही.

वायरपेक्षा जोड जास्त दगा देतो. सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात, त्या प्लगच्या पिनेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. प्लग तिरका ओढून ओढून त्या सैल पडतात. मग पिन आणि पट्टी जेमतेम एका टोकाला टेकतात, तेवढाच भाग तापतो, तापल्याने पट्टी आणखी ढिली होते आणि जोड आणखी तापतो. इथे एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारं बटण, पडत नाही, हे लक्षात ठेव. तो जास्तीचा करंट ओळखतो, सैल जोड ओळखत नाही. किटली बंद करून प्लग काढल्यावर पिन बोटाला चटका देते का? भोकांभोवती तपकिरी कड आली आहे का? जळक्या प्लॅस्टिकचा किंवा खराब मासळीसारखा वास येतो? यातलं एक जरी असेल तर ते सॉकेट वापरायचं बंद, आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्यावर चिकटपट्टी मार, म्हणजे दुसरं कुणी वापरणार नाही. आणि एमसीबी पडलाच तर आधी भार कमी कर, मग एकदा वर कर. पुन्हा पडला तर तसाच राहू दे. त्याच्याशी हुज्जत घालायची नाही.

बॅटऱ्या. फोन उशीखाली चार्ज करू नकोस. फुगलेली बॅटरी म्हणजे फोन वापरणं थांबव. टोचून हवा काढायचा तर विचारही नको. मैत्रिणीची इलेक्ट्रिक सायकल किंवा स्कूटर असेल तर ती दाराच्या वाटेवर चार्जिंगला लावलेली चालणार नाही. लिथियम बॅटरी बिघडली की आतून स्वतःच तापत जाते, फुसफुसत धूर सोडते आणि काही सेकंदांत भडकते. विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा पेट घेते. तिला विझवत बसू नये. दार ओढून घ्यावं आणि निघावं.

स्वयंपाकघरात एकच सवय लाव. कढईत तेल तापत असेल तर तिचं झाकण हाताशी आणि तू तिथेच. तेलातून धूर निघायला लागला की ते पेटण्याच्या वाटेवर आहे, आच बंद कर. पेटलंच तर आधी गॅस बंद, मग झाकण. समोरून वर आपटू नकोस, कढईच्या तुझ्याकडच्या कडेवरून पुढे सरकवत ने, म्हणजे ज्वाळा तुझ्यापासून दूर जाते. बटणापर्यंत हात पोचत नसेल तर आधी झाकण. मग पूर्ण गार होईपर्यंत उघडून बघायचं नाही. आत हवा गेली की तापलेलं तेल परत पेटतं. पाणी चुकूनही नको. ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा घेते. ती वाफ जळतं तेल छतापर्यंत उडवते. पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावणं हाही तसाच वेडेपणा.

गॅसचा वास आला तर कुठलंही बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही. दोन्ही वेळी ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि फोन बाहेर गेल्यावर. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. त्यामुळे उभं राहून वास येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं नाही.

जिन्याजवळचं आग विझवायचं लाल सिलिंडर एकदा नीट बघून ठेव. काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, ते वजनावरून तपासतात. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची आणि बुडालगत डावी-उजवीकडे फिरवायची. ज्वाळेच्या शेंड्यावर मारलं तर पावडर वाया. लहान सिलिंडर दहा-बारा सेकंदांतच संपतं. म्हणून आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, बाहेरचं दार तुझ्या पाठीशी असेल आणि कुणीतरी फायर ब्रिगेडला फोन करत असेल, तरच हात घाल. छताला धूर लागलेला असेल तर सोडून दे. दार ओढ आणि पळ.

अलार्म वाजला आणि तुझं दार बंद आहे. उघडण्याआधी पालथा हात दाराला लाव, वरच्या भागाला आणि मुठीला. पालथा यासाठी की तळवा भाजला तर पुढे कडी काढायला हात उरत नाही. गार असेल तर किंचित उघडून बघ, बाहेर धूर कमी असेल तर वाकून नीघ. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीत हवा त्यातल्या त्यात बरी असते. ओल्या रुमालाने घशाला थोडं बरं वाटतं, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातो. रुमाल भिजवण्यात वेळ घालवू नकोस.

दार गरम असेल तर आतच राहायचं. फटीत ओले टॉवेल कोंब, खाली आधी. फायर ब्रिगेडला फोनवर इमारत, मजला, खोलीचा नंबर आणि खिडकी रस्त्याकडे आहे की मागे, एवढं सांग. फोन ते ठेवतील, तू ठेवू नकोस. खिडकी उघड, पण फोडू नकोस. खालून धूर आत यायला लागला तर ती परत लावता आली पाहिजे. उजळ रंगाची ओढणी हलव किंवा टॉर्च दाखव. कपाटात, पलंगाखाली लपायचं नाही. धुरात शोधणाऱ्याला तू सापडणार नाहीस.

अंगावरचे कपडे पेटले तर धावायचं नाही. खाली पडून, तोंड हातांनी झाकून लोळायचं. भाजलं तर गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढ. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नकोस. चिकटलेला कपडा ओढू नकोस.

तुम्ही चौघी एका संध्याकाळी बसून दोनच गोष्टी ठरवा: बाहेर भेटायची जागा, गेटपलीकडची आणि इमारतीपासून लांब, आणि तिथे डोकी कोण मोजणार. एखादी कमी निघाली तर आत जायचं नाही, फायर ब्रिगेडला सांगायचं की कोण, कुठल्या खोलीत. तिथला आगीचा नंबर फोनमध्ये सेव्ह कर आणि दाराच्या आतल्या बाजूला कागदावरही लिही. पलंगाजवळ बंद चपला आणि टॉर्च ठेव. कागदपत्रांच्या प्रती ऑनलाइन चढव, म्हणजे फाइलसाठी मागे फिरायची पाळी येणार नाही.

आता दाराच्या आतल्या बाजूचा फोटो पाठव.

तुझी
आई

ता. क. अलार्म उतरवून मागची तारीख वाच आणि मला कळव. तारीख दिसत नसेल किंवा पुसली असेल, तर तो जुनाच धर आणि बदलायला सांग.