तयारीची सुरुवात वहीच्या पानापासून

पावसाळ्याच्या तोंडावर आपण प्रसिद्ध केलेला पूरसज्जतेवरील लेख वाचला. नद्यांतील गाळ, इशारा पातळी, बोटी हे सारे मुद्दे रास्त आहेत. मात्र कुटुंबाने स्वतः काय करावे, याला त्यात जेमतेम दोन ओळी मिळाल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा वीज गेली आणि मोबाइलचे नेटवर्कही कोलमडले. आमच्या घरात कोणालाही सख्ख्या भावाचा नंबर पाठ नव्हता. (आईला माहेरचा लँडलाइन नंबर तोंडपाठ होता, पण तो केव्हाच बंद झालेला!)

म्हणून सुरुवात महागड्या 'किट'ने नव्हे, तर वहीच्या एका पानाने करावी. त्यावर जवळच्या चार जणांचे नंबर, वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची नावे, ताटातूट झाल्यास गाठायची उंचावरची जागा आणि सर्वांनी ज्याला खुशाली कळवायची असा परगावचा एक नातेवाईक लिहावा. ११२ सोबत जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही असावा. तो अनेकांना ठाऊक नसतो. हे पान रेशनकार्ड, सातबारा व विम्याच्या कागदांसह प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावे. आमचे कागद लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. पुढे कित्येक दिवस ते दोरीवर वाळत घातले; शाई काही परत आली नाही.

– एक वाचक, चिपळूण