पोरांच्या हातात दगड द्या ना

मा. संपादक,

उन्हाळ्याच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन एका म्युझियममध्ये गेलो होतो, कुठलं ते लिहीत नाही कारण बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. पोरगी काचेला नाक लावून एक जीवाश्म बघत होती तर गार्ड ओरडला, हात लावू नको! मग तिने हळूच विचारलं, मामा हा जड असतो का? मला सांगता आलं नाही. मीपण तो काचेतूनच बघितलेला.

आमच्या नागपुरात रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे, तिथे पोरं दोऱ्या ओढतात, चाकं फिरवतात, बटणं दाबतात, घरी चला म्हटलं तरी निघत नाहीत. मग निसर्गाचा विषय आला की सगळं काचेत का जातं? फिजिक्सला हात लावायचा आणि दगड, हाडं, बिया फक्त बघायच्या, हे मला पटतच नाही.

आणि आपल्या विदर्भात तर काय नाही! चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा गाव आहे, तिथे डायनोसोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात गवताच्या पानातले सिलिकाचे बारीक कण शोधले, २००५ साली ते जगापुढे आलं, म्हणजे डायनोसोर असतानाच गवत होतं हे आपल्या पिसदुऱ्याने सांगितलं. असा एक गोळा पोराच्या हातात द्या, वास घेऊ द्या (वास अजिबात येत नाही, पूर्ण दगड झालाय), मग बघा तो घरी जाऊन किती जणांना सांगतो.

दुर्मिळ वस्तू काचेतच राहू द्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गिट्टीचा काळा दगड कुठे दुर्मिळ आहे? नागपुरात गिट्टीखदान नावाची वस्तीच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, दगड थंड झाला, नंतर त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली, हे बोटाने चाचपडल्यावर जे कळतं ते पाटी वाचून कळत नाही. वाघाची कवटी ठेवायला कायद्याची अडचण असेल तर तिचा साचा ठेवा, आणि शेजारी खरी बकरीची कवटी ठेवा. पोर वरच्या जबड्यावरून बोट फिरवेल आणि त्याचं त्यालाच कळेल की बकरीला वर पुढचे दातच नसतात! मला स्वतःला हे चाळिशीत कळलं.

ज्या मुलांना दिसत नाही त्यांचा तर विचारच होत नाही. काचेपुढे उभं राहून त्यांनी करायचं काय? त्यांच्यासाठी म्युझियम म्हणजे दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या पाट्या.

फार खर्चाचं काही मागत नाहीये मी. एक मोठं टेबल, चार-पाच भिंगं, हात धुवायला नळ आणि टेबलाजवळ बसणारा एक बोलका माणूस, भूगर्भशास्त्राचे कॉलेजचे विद्यार्थीसुद्धा आनंदाने येतील, थोडं मानधन द्या त्यांना. वस्तू झिजतील, फुटतील, तर नवीन आणा, खदानी इथेच आहेत. कुठल्या म्युझियमने असं टेबल लावायचं ठरवलं तर पहिल्या महिन्याचे दगड गोळा करून, धुवून आणून द्यायला मी तयार आहे, भाची पण येईल सोबत.

– एक वाचक, नागपूर