अमिगा या जुन्या संगणकाच्या फ्लॉपी पीसीत घालून पुसल्याबद्दल तक्रार

इंदूर, दि. ११ जुलै

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दोन फ्लॉपी परवानगीशिवाय फॉर्मॅट केल्याबाबत

महोदय,

जुन्या फ्लॉपींतल्या फाइल्स पेनड्राइव्हवर काढून घेण्यासाठी मी मे महिन्यात तुमच्या केंद्रात १४ फ्लॉपी दिल्या. फॉर्मवर मी स्वतः लिहिलं होतं, ‘कमोडोर अमिगा ५००च्या आहेत, पीसीच्या नाहीत.’ काउंटरवर उत्तर मिळालं की फ्लॉपी कुठलीही असो, निघते. तीन आठवड्यांनी रिकामा पेनड्राइव्ह आणि एक कागद हातात आला: १२ खराब, २ फॉर्मॅट करून पाहिल्या, डेटा नाही.

त्या खराब नव्हत्या. साडेतीन इंची फ्लॉपी दोन्हीकडे तीच, दोन बाजू आणि प्रत्येकीवर ८० ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल पट्ट्या, त्याही त्याच. पण पीसी एका ट्रॅकवर ९ सेक्टर, म्हणजे तुकडे, बसवतो, म्हणून ७२० केबी; अमिगा ११ बसवतो, म्हणून ८८०. अमिगा सेक्टरांमध्ये मोकळी जागा न सोडता अख्खा ट्रॅक एकदम लिहितो. पीसीतला फ्लॉपी वाचणारा कंट्रोलर प्रत्येक सेक्टरच्या तोंडाशी आपल्या ओळखीची खूण शोधतो. ती मिळाली नाही की स्क्रीनवर येतं, डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, करायची का? तुमच्या माणसानं ‘हो’ म्हटलं.

आणि हे चुकून झालं असं मी मानणार नाही. चौदाही फ्लॉपींच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवलेलं होतं, म्हणजे त्यांवर काही लिहिताच येत नव्हतं. परत आलेल्या दोघींचं भोक बंद आहे. कुणीतरी नखानं ती खिटी सरकवली. आज त्या पीसीत घातल्या की ७,३०,११२ बाइट मोकळे दिसतात.

त्या दोघींवर दादाच्या अक्षरात ‘मराठी १’ आणि ‘मराठी २’ लिहिलंय. दादा १९९२पासून लग्नांच्या व्हिडिओवर नावं टाकायचा. अमिगाला जेनलॉक नावाचं यंत्र लावून चालू चित्रावर अक्षरं चढवायची, असं ते काम. हिंदी घरच्या लग्नांना एक संच आणि आपल्या लोकांसाठी दुसरा, कारण मराठी वळणाचा ल, श आणि आपला ळ त्याला तयार कुठेच मिळेनात. रात्र रात्र बसून त्यानं एकेक ठिपका भरून ती अक्षरं काढली. ‘चि. सौ. कां.’ तर त्यानं चार वेळा पुसून पुन्हा काढलं होतं, मी शेजारी बसून पाहिलंय. आता तो ७१ वर्षांचा आहे, हात थरथरतो. ती अक्षरं पुन्हा निघणार नाहीत.

उरलेल्या १२ मधला डेटा अजून वाचवता येईल. ग्रीझविझलसारखं बोर्ड साध्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडलं, की ट्रॅकवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवता येतात आणि त्यातून प्रत्येक फ्लॉपीची ९,०१,१२० बाइटची प्रत बनते. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हनं हे होत नाही. तुम्ही तोच वापरला, हे तुमच्याच कागदावर आहे.

माझी पूर्ण फी परत करा. या १२ फ्लॉपींचं काम मी जाणकाराकडून करून घेईन, त्याचा खर्च तुम्ही द्या. पुसलेल्या दोन फ्लॉपींची भरपाई आणि दादाच्या नावानं लेखी माफी द्या. ‘सर्व प्रकारच्या फ्लॉपी’ ही पाटी काढा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी फॉर्मची प्रत आणि तुमचा कागद घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आपली,
एक ग्राहक
रामबाग, इंदूर