आपल्या झऱ्यावरचा चापडा

दत्त्या,

कसा आहेस. इकडं सगळं बरं, आईचा गुडघा पावसात दुखतो तेवढंच. हे फोनवर बोलायचं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणणार सापासाठी एवढं काय.

झऱ्यावरचा आपला चापडा, तो झाडावरचा विषारी साप, उठवला रे. जागा लिहीत नाही, हल्ली पत्राचापण फोटो फिरतो. पाऊस लागल्यापासनं कारवीच्या त्याच फांदीवर होता, डोकं पाण्याकडं, बेडकाची वाट बघत. एकदा जागा धरली की ते किती दिवस हलत नाहीत ते तुला काय सांगायचं. शनिवारी बाहेरच्या फोटोवाल्यांची एक गाडी आली आणि बंड्यानं, होय आपल्याच बंड्यानं, त्यांना तिथं नेलं, हुकनं साप उचलला आणि शेवाळाच्या ओंडक्यावर ठेवला, का तर फांदीवर बॅकग्राउंड येत नव्हतं. उतरला की परत वर, उतरला की परत वर, आणि प्रत्येकाचा फ्लॅश वेगळा. दुसऱ्या दिवशी मी जाऊन आलो, फांदी रिकामी.

बंड्यानं फोटो दाखवला, खुशीत होता. मी झूम केलं. साप आवळून बसलेला, मान एस सारखी मागं ओढलेली, तोंड सरळ लेन्सकडं. खाली लोकांच्या कमेंट, काय पोज दिलीय म्हणून. पोज कसली, चावायच्या तयारीत आहे तो! आणि फोटोच्या कडेला बंड्याचा अंगठा, सापापासनं वीतभर. त्या दिवसापासनं मला तो अंगठाच दिसतोय.

साप दुसरी फांदी धरेल. पण हा पोरगा म्हणतो, "अण्णा, चापडा काय मारत नाही, सूज येते आणि जाते." मी सांगितलं, अरे दवाखान्यातलं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं, चापड्याचं त्यात नाही, मग डॉक्टर तरी काय करणार? आणि आपल्या घाटात हंपनोज नावाचा विषारी सापपण आहे, पाल्यात पाल्यासारखाच दिसतो, त्याच्या विषानं किडनी जाऊ शकते, उद्या हा त्यालाच हुक लावेल. रात्री, धो धो पावसात, जांबोटीचा रस्ता धरून बेळगाव गाठायचं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. ऐकतो आणि हसतो. काजूच्या कारखान्यात आठवडाभर मिळत नाही तेवढं एका रात्रीत मिळतं, कशाला ऐकेल? 1972 च्या वन्यजीव कायद्यानं साप धरणं गुन्हा आहे तेपण सांगितलं. पण फॉरेस्टवाल्यांना मी कळवणार नाही, मग बंड्याच्या घरी शांताक्काच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ.

आता तू फ्लॅशवर सुरू होशील. तुझं ते फ्लॅशच नको मला आजही पटत नाही बघ. सापाला पापणी नसते हे खरं, म्हणून तर उजेड मऊ करायला डिफ्यूझर लाव, बाजूनं लाइट दे, चार फोटो घे आणि निघ. चोर्ला घाटात यावरनंच तू जीपमध्ये मागं जाऊन बसलास, एक शब्द बोलला नाहीस, माझी भजी मात्र संपवलीस.

मला वाटतं धंदा बंद कर म्हणून उपयोग नाही, रीत बदलायला पाहिजे. साप बसलाय तिथंच दाखवायचा, पान जरी आडवं आलं तरी आपण सरकायचं. एका वेळी एकच माणूस पुढं, आणि बंड्यानं टॉर्च धरून फक्त सापावर लक्ष ठेवायचं, कारण फोटो काढणाऱ्याचा डोळा कॅमेऱ्यात अडकलेला असतो, शेजारच्या फांदीवर दुसरा बसलाय ते त्याला दिसत नाही. मोबाइलवाल्यांना तर नेऊच नये, ते चिकटतातच जाऊन. सापानं मान मागं ओढली की खेळ खलास, सगळ्यांनी मागं. लोकेशन कुणाला द्यायचं नाही, पैसे देणाऱ्यालापण नाही.

हे मी सांगितलं की लेक्चर होतं. तू सांगितलंस तर ऐकेल, पहिला कॅमेरा तू त्याच्या हातात दिलेलास. आणि तुझी ती शंभरची मॅक्रो लेन्स कपाटात बुरशी खात असेल ती त्याला देऊन टाक की, हातभर लांबनंपण चापड्याचं डोकं स्पष्ट येतं तिच्यात, एकदा बघितलं की हुक आपोआप सुटेल.

तनूला ॲडमिशन मिळाली ऐकलं, लय भारी. नवीन घराचं काय झालं? वहिनींना नमस्कार. गणपतीला या, कुंदा आणून ठेवतो.

बंड्याला फोन सकाळी कर, पावसात संध्याकाळनंतर तिकडं टॉवर जातो. शनिवारच्या आत कर, परत एक गाडी येणार आहे.

तुझा,
बाळ्या