बासष्ट मार्कांचं काय घेऊन बसलीस

प्रिय चिऊ,

काल फोनवर नीट बोलताच आलं नाही गं. थँक्सगिव्हिंगची ही माणसं घरात, बाबा ओव्हनपाशी कोणालातरी ओरडतोय, आणि तू तिकडे लंडनला कॉलेजच्या लायब्ररीच्या बाहेर थंडीत उभी राहून सांगतेयस की निबंधाला ६२ मिळाले आणि मला जानेवारीत घरी परत यायचंय. म्हणून आज सगळे गेल्यावर बसून टाइप करतेय. मराठीतच लिहितेय कारण इंग्लिशमध्ये मला तुला धड ओरडताही येत नाही आणि जवळही घेता येत नाही. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं अजून वाचता येतंय ना, हळूहळू वाच, अडलं तर आजीला फोन कर, तिलाही बरं वाटेल.

आधी ते ६२. अगं तिकडे ६० ते ६९ म्हणजे अपर सेकंड, टू-वन म्हणतात ना ते, आणि तिथल्या कितीतरी कंपन्या फ्रेशर घेताना एवढंच विचारतात की टू-वन आहे का. ७० च्या वर गेलं की फर्स्ट, ५० च्या पुढे लोअर सेकंड, ४० ला पास. आणि निबंधाच्या विषयात ७५, ८० देताना त्यांचा हात थरथरतो, ९० तर विसरच. तू जन्मापासून अमेरिकन शाळेत, तुला ९० च्या खाली आकडा दिसला की पोटात गोळा येतो, ६२ म्हणजे तुझ्या डोक्यात डी. मी मात्र सांगलीची. आमच्या शिवाजी युनिव्हर्सिटीत ६० ला फर्स्ट क्लास होता आणि इंजिनिअरिंगला ६२ टक्के पडले तर आजोबा गल्लीत पेढे वाटत फिरायचे. आणि ते उगाच नाही, आपल्याकडची पद्धत आलीच तिथून, १८५७ ला मुंबई युनिव्हर्सिटी काढली ती लंडन युनिव्हर्सिटीच्या धर्तीवरच. तुला जे परकं वाटतंय त्यातच मी वाढले. त्यामुळे या एका बाबतीत तरी तुझ्या त्या काउन्सेलरपेक्षा आईचं ऐक.

मी इकडे एमएसला आले तेव्हा सगळं नेमकं उलटं झालं होतं. दर आठवड्याला होमवर्क, त्याचे मार्क, मध्येच क्विझ, त्याचे मार्क, वर्गात तोंड उघडलं तर त्याचेही मार्क! आणि एक्स्ट्रा क्रेडिट हा प्रकार तर मला कितीतरी दिवस खराच वाटत नव्हता, म्हणजे मार्क कमी पडले तर अजून थोडं काम करून देऊन ते वाढवून घ्यायचे? वर प्रोफेसर शॉर्ट्स घालून येणार आणि म्हणणार मला नावाने हाक मार. माझ्या तोंडून 'सर'च निघायचं, ते बिचारे ओशाळायचे. पण एक सांगते, त्या दर आठवड्याच्या कटकटीमुळे मी मागे पडलेय हे मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. तुला तिकडे ते कोणी कळवणार नाही, काळजी मला त्याची वाटते, ६२ ची नाही.

कारण बघ ना, तू सांगितलेलं टाइमटेबल मी कागदावर मांडून बघितलं. चार कोर्स, प्रत्येकाचं आठवड्याला एक तास लेक्चर आणि एक तास क्लास, झाले आठ तास. उरलेले दिवस तू म्हणतेस फ्री आहेत. फ्री कसले, ते त्या रीडिंग लिस्टसाठी आहेत, आणि तुझ्याकडून वाचून झालंय का हे विचारायला कोणी येणार नाही. हा निबंध पण फॉर्मेटिव्ह होता ना, म्हणजे नुसती प्रॅक्टिस, त्याचे मार्क धरतच नाहीत. मग रडलीस कशाला? खरी परीक्षा मे-जूनमध्ये, बहुतेक सगळं वजन तिथेच. तुझे ते एका वर्षासाठी आलेले जनरल कोर्सवाले अमेरिकन मित्र रीडिंग वीकला, म्हणजे वाचायला म्हणून लेक्चर नसलेल्या त्या आठवड्यात, स्वस्तातली विमानं पकडून बार्सिलोनाला गेले, तूही गेलीस, जा, वीस वर्षांची आहेस, युरोप बघून घे. फक्त मार्चमध्ये रडत फोन करू नकोस की अजून निम्मी लिस्ट बाकी आहे.

मला ही पद्धत फार थोर वाटते असंही नाही हां. वर्षभराचं काम तीन तासांच्या पेपरावर लावायचं म्हणजे जुगारच तो. माझ्या रूममेटला थर्ड इयरला ऐन परीक्षेत टायफॉइड झाला आणि पोरीचं आख्खं वर्ष गेलं, हुशार होती माझ्यापेक्षा. तेव्हा मेमध्ये तब्येत सांभाळायची, रात्री दोन-दोन वाजता इन्स्टंट नूडल्स खाऊन अभ्यास चालणार नाही.

बरं, तुझा निबंध मी वाचला, तू पाठवला होतास म्हणून. इंडस्ट्रियल रेव्होल्यूशन ब्रिटनमध्येच आधी का झाली. छान लिहिलायस, खरंच. एक जण म्हणतो तिथे मजुरी महाग आणि कोळसा स्वस्त म्हणून मशीनं लावणं परवडलं, दुसरा म्हणतो विज्ञानाची आणि कारागिरीची हवा तयार झाली होती, तिसरा म्हणतो कॉलनी आणि गुलामांच्या कष्टाचा कापूस नसता तर मँचेस्टरच्या गिरण्या चालल्याच नसत्या. तिघांचंही तू नीट मांडलंस आणि मग शेवटी तिघांनाही थोडं थोडं बरोबर म्हणून मोकळी झालीस! तुझ्या टीचरने खाली हेच लिहिलंय ना, की तुझं मत काय ते सापडलं नाही. मला तर ती कॉमेंट ६२ पेक्षा महत्त्वाची वाटली. जेवणाच्या टेबलावर बाबाशी भांडताना तुझं मत कसं लगेच सापडतं? तसंच लिही. आणि तिच्या ऑफिस अवरला जा, खाऊन टाकणार नाही ती तुला.

अजून एक, आपल्यातला एक माणूस याच रस्त्याने गेलेला आहे, न्यूयॉर्कहून तुझ्याच कॉलेजात. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ ला कोलंबियाला, तिथून १९१६ ला एलएसईला, म्हणजे तुझ्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला. पण बडोद्याची स्कॉलरशिप संपली, १९१७ ला अभ्यास अर्धवट टाकून परत जावं लागलं. मग मुंबईत नोकरी करून पैसे साठवून १९२० ला पुन्हा गेले, १९२१ ला एमएससी, १९२३ ला डीएससी ही डॉक्टरेट, तीही रुपयाच्या प्रश्नावर, म्हणजे तुझ्याच लाइनचा विषय. ते राहायचे ते घर १० किंग हेन्रीज रोडला आहे, चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं, महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन २०१५ पासून स्मारक केलंय. एका शनिवारी जाऊन ये आणि मला फोटो पाठव. तुला लाजवायला म्हणून नाही सांगत, त्यांच्याशी आपली काय बरोबरी, त्यांचा परत जायचा प्रश्न वेगळाच होता. पण लंडनमध्ये राहून ते न बघता आलीस तर मला चालणार नाही.

तू म्हणालीस की तिकडे तोंड उघडलं की सगळे तुला अमेरिकन म्हणतात आणि ट्रम्पबद्दल तुलाच जाब विचारतात. मला गंमत वाटली. इथे न्यू जर्सीत एडिसनमध्ये आयुष्यभर तुला लोकांनी विचारलं तू मूळची कुठली, आणि अमेरिकन म्हणून शिक्का मिळाला तो थेट लंडनला जाऊन. तुझ्या क्लासमधल्या त्या गुजराती मुलीच्या घरचे युगांडाहून आलेत ना? तिच्या आजीला भेटायला मिळालं तर सोडू नकोस. १९७२ ला तिथला हुकूमशहा इदी अमीन याने हाकलून दिल्यावर ती आशियाई माणसं एकेका सुटकेसवर उतरली होती त्या थंडीत. आमच्यासारखी एच-वन व्हिसा घेऊन, कंपनीने दिलेल्या अपार्टमेंटमध्ये नाही. इंडियन म्हणून आपण सगळ्यांना एकाच पिशवीत घालतो, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती पुस्तकापेक्षा तिच्याकडून ऐक.

आता कामाच्या गोष्टी. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलंस का? व्हिसाच्या वेळी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी हेल्थ सरचार्जचे वर्षाचे ७७६ पाउंड भरलेत आपण (बाबा अजून त्याचे डॉलर करतो, मी त्याचे रुपये करते आणि मग गप्प बसते), तेव्हा आजारी पडायची वाट बघू नकोस, आधीच रजिस्टर कर. रात्री-बेरात्री बरं वाटलं नाही तर सल्ल्यासाठी १११ नंबर फिरवायचा, इमर्जन्सीला ९९९. डिसेंबरात तिथे चारच्या आत अंधार पडणार, लंडन आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, त्या अंधाराने पण उदास वाटतं गं, सगळंच मार्कांमुळे नसतं. दुपारी एकदा तरी बाहेर चालून ये. आणि तिथे १८ नंतर प्यायची परवानगी आहे, तुमच्या कॉलेजातल्या सोसायट्यांच्या, म्हणजे क्लबांच्या, मीटिंगा पबमध्येच भरतात हे मला माहितेय, मी काही विचारत नाही, एकटी परत येऊ नकोस एवढंच. भूक लागली तर युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटला भेळ मिळते.

परत यायचं का नाही ते तू ठरव, मी ओढूनही आणणार नाही आणि अडवणारही नाही. पण तो निबंध बाजूला ठेवून ठरव. तुला तिथे एकटं वाटतंय, झोप लागत नाही, असं काही असेल तर तसं सांग, तो विषय वेगळा, मग आपण लगेच बघू. ख्रिसमसच्या सुट्टीचं तिकीट बाबा बघतोय आणि रोज महाग होतंय, वन-वे काढायचं का रिटर्न ते बुधवारपर्यंत त्याला मेसेज कर.

आई