सायकल मार्गांच्या देखभालीचे काय?

संपादक महोदय,

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांच्या, कामांबरोबर जे सायकल मार्ग आखले गेले, त्यांची आजची अवस्था पाहता ते सायकलसाठी आहेत हे सांगूनही खरे वाटू नये. आमच्या भागातील मार्गावर पेव्हर ब्लॉक उखडून त्यांच्या कडा वर आल्या आहेत, चेंबरचे झाकण चार बोटे खाली खचले आहे आणि पावसाळ्यात पाणी साचले की तो खड्डा दिसतही नाही. उरलेली जागा उभ्या दुचाकींनी आणि हातगाड्यांनी व्यापलेली. सायकलस्वार मुख्य रस्त्यावरूनच जातात, तेव्हा या मार्गांची गरजच काय, असे विचारणाऱ्यांनी एकदा तेथून, शक्यतो पावसात, सायकल चालवून पाहावी. 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. परंतु नव्या मार्गांच्या घोषणा होत असताना जुन्यांच्या डागडुजीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी, हे कोणी बोलत नाही. केबलसाठी खोदलेला मार्ग पूर्ववत केल्याखेरीज ठेकेदाराची अनामत रक्कम परत करू नये आणि देखभालीची जबाबदारी असलेल्या अभियंत्याचा कार्यालयीन दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मार्गावर फलकावर लावावा, ही विनंती.

— एक सायकलस्वार, पुणे