खरबुजातला उजेड

कोलोन, २७ जुलै

प्रिय आदू,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी एका तुर्की भाजीवाल्याच्या दुकानात खरबूज नाकाशी धरून उभा होतो. "नातीनं दूध पण सोडलं म्हणं? आमच्या म्होरं गेली की रं!" असं तू, जन्माचा जैन, म्हणालास आणि मी नुसता हसलो. दुकानात उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतंच. आज घरी कोणी नाही, बाहेर पाऊस आहे, तेव्हा लिहितो.

ईरानं आधी मटण सोडलं, मग अंडी, मग दूध. आता पंधरा पूर्ण झाली. ओटच्या दुधाचा चहा मला चालायला लागला आहे, म्हणजे चालवून घेतो. वाद कधी झाला नाही. एकदा फक्त जेवताना तिनं शांतपणे विचारलं, "आजोबा, तुम्ही स्वतः कधी कोंबडी मारली आहे?" नाही म्हणालो. "मग कोण मारायचं?" आता तिला काय सांगू? जत्रेला मुलाणी यायचा, बकरं तो कापायचा. आई पहाटेपासून पाट्यावर वाटण वाटायची. मी पंगत बसली की हजर. साठ वर्षं मटण खाल्लं, पण एका जिवाच्या मानेला माझा हात लागला नाही, हे मी जरा अभिमानानंच सांगितलं असावं. पोरगी काही बोलली नाही. भात कालवत राहिली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी लेकीनं ग्रंथालयातून आणलेल्या एका पुस्तकात मला माझंच वाक्य सापडलं, सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचं.

मानी हे नाव तू ऐकलं असशील-नसशील. जन्म इ.स. २१६, इराकच्या बाजूला. 'ग्नॉस्टिक', म्हणजे ज्ञानानं मुक्ती मिळते मानणारे, म्हणतात त्या पंथांपैकी सगळ्यात लांब पसरलेला पंथ त्याचा. (ग्रीक 'ग्नोसिस' आणि आपलं 'ज्ञान' एकाच मुळातले. हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि संस्कृतच्या मास्तरांना सांगावंसं वाटलं.) त्याच्या बापाला म्हणे देवळात तीन दिवस आवाज ऐकू आला: मांस खाऊ नको, दारू पिऊ नको, बाईपासून दूर राहा. बाप उठला आणि सारखी आंघोळ करणाऱ्या एका पंथात सामील झाला. चार वर्षांचा मानी तिथंच वाढला. ही मंडळी सोवळ्याची इतकी कडक, की भाजीलासुद्धा स्नान घालायची. विकतची भाकरी वर्ज्य.

यातलं बरंचसं ज्या जुन्या पुस्तकात आहे ते इथं, या गावच्या विद्यापीठात ठेवलेलं आहे. ग्रीक भाषेत, चामड्याच्या पानांवर लिहिलेलं, आकारानं काडेपेटीएवढं! एकेका पानावर तेवीस ओळी. चिकटून गोळा झालेली ती पानं १९६९ मध्ये सोडवली, तेव्हा कुठं वाचता आली. मी फोटोच पाहिले, पण भिंगातून बघून बघून डोळे दुखले.

त्यातला एक प्रसंग सांगतो. मठाच्या मळ्यात एक जण भाजी कापायला जातो, तर जिथं कोयता लागला तिथून रक्त ठिबकतंय आणि भाजी माणसासारखी रडतेय. आणखी एक जण खजुराच्या झाडावर चढतो, तर झाड बोलायला लागतं. पुढं मानी स्वतःच्या हातानं मळ्यातलं पान तोडीना. कुणी तोडून आणून दिलं तर भिक्षा म्हणून घ्यायचा. सोवळ्यावरून पंथाशी त्याचं भांडण झालं ते तर फारच चोख. भाजी धुवा नाहीतर न धुवा, तो म्हणतो, पोटात गेल्यावर तिचं तेच रक्त, तेच पित्त, तोच वारा आणि तोच मळ होतो. मग धुऊन काय साधलं? आमच्या आजीसमोर हे बोलायची कुणाची छाती झाली नसती.

झाडापानासारखे एकेंद्रिय जीव, स्पर्श हे एकच इंद्रिय असलेले, म्हणजे काय हे तुला मी सांगायचं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं. वाचताना पहिल्यांदा तूच आठवलास. मानी इ.स. २४० च्या सुमारास समुद्रातून भारतात, सिंधूच्या मुखाकडे येऊन गेला होता, आणि पुनर्जन्माची कल्पना त्यानं हिंदूंकडून उचलली असं अल्-बिरूनी हा मध्ययुगातला मुसलमान पंडित लिहितो. तेव्हा 'घ्या, हे आमच्याकडूनच गेलं' म्हणायला माझी जीभ शिवशिवली. पण झाडं बोलली ती तो इकडं यायच्या आधी, त्या आंघोळवाल्यांच्या मळ्यात. इतकं सरळ नाही ते.

आता त्याचं म्हणणं. उजेड आणि अंधार यांची लढाई झाली आणि उजेडाचे कण अंधारात अडकून पडले, मातीत, झाडात, फळात. मांसात उजेड नाहीच्या बरोबर. काकडी, खरबूज, द्राक्ष यांत भरपूर. पंथातल्या निवडक साधूंनी ही फळं खायची, आणि त्यांचं शुद्ध पोट घाण्यासारखं उजेड वेगळा काढायचं. प्रार्थनेबरोबर, गाण्याबरोबर तो वर जायचा, आधी चंद्रात. पंधरा दिवस चंद्र भरत जातो तो त्यामुळंच. भरला की माल सूर्यात उतरवायचा आणि रिकामी होडी परत. आदू, मी विज्ञानाचा मास्तर, तीस वर्षं पोरांना चंद्राच्या कला शिकवल्या, पण हे वाचून त्या रात्री गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

जेवण दिवसातून एकदा. तुमच्या मुनींसारखंच, फक्त तुमच्याकडं सूर्य मावळायच्या आत आणि यांच्याकडं मावळल्यावर. साधूंनी पेरायचं नाही, तोडायचं नाही, शिजवायचं नाही. ते काम श्रावकांचं, म्हणजे संसारी अनुयायांचं. तुमचा 'श्रावक' म्हणजे ऐकणारा, आणि यांच्याकडंही शब्द 'ऐकणारे' असाच होता, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. हे श्रावक लग्न करायचे, शेती करायचे, मांसही खायचे, फक्त स्वतः मारायचं नाही. साधूसाठी काकडी तोडण्याचं पाप त्यांनी करायचं आणि साधूनं प्रार्थना करून ते माफ करायचं. जन्मभर चांगली सेवा केली तर पुढचा जन्म साधूचा. नाहीतर खरबुजाचा, म्हणजे कुणीतरी साधू खाईल आणि एका घासात सुटका! ऑगस्टिन नावाचा मोठा ख्रिस्ती आचार्य तरुणपणी नऊ वर्षं असा श्रावक होता. पुढं उलटला आणि त्यानं या लोकांची यथेच्छ टवाळी केली. अंजीर तोडलं की झाड दुधाचे अश्रू ढाळतं असं मानायला आपल्याला शिकवलं होतं, म्हणतो. खरबुजाचा सोनेरी रंग देवाच्या खजिन्यातला, मग डुकराच्या चरबीचा का नाही? आणि एक जण संध्याकाळी कोबीबरोबर चिमूटभर चरबी खाऊन उठतो, दुसरा अळंबी, भात, मिरी-हिंग घातलेली पक्वान्नं चापतो. यांतला संयमी कोण? त्या हिंगापाशी मला आपल्याकडचे एकादशीचे फराळ आठवले.

पण त्याचा एक टोला टवाळीचा नाही. उपाशी भिकारी दारात आला आणि तो पंथातला नसेल, तर त्याला अन्न द्यायचं नाही, कारण त्याच्या पोटात उजेड बाटेल. द्यायचे तर पैसे द्या. हे वाचल्यावर मानीबद्दलचं माझं प्रेम निम्म्यानं उतरलं.

आणि आता ते वाक्य. भाकरी पुढ्यात आली की साधू तिला उद्देशून म्हणायचा: मी तुला कापलं नाही, मी तुला दळलं नाही, मी तुला मळलं नाही, मी तुला भट्टीत घातलं नाही. दुसऱ्यानं केलं, माझ्याकडं आणून दिलं. मी निर्दोष राहून खातो.

हे त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेलं आहे, तेव्हा थोडं मीठमसाला लावलेलं असणार. तरी मी वाचलं आणि मला मुलाण्याचा सुरा दिसला, आणि पाट्यावर वाकलेली आईची पाठ.

या लोकांचे हालही कमी झाले नाहीत. मानी इराणच्या राजाच्या तुरुंगात साखळदंडात मेला. पुढं हजार वर्षं, भाजी खाणारा दिसला की राजाला संशय. इजिप्तमध्ये एका धर्मगुरूनं आपल्या साधूंना रविवारी मांस खायला लावलं म्हणे, न खाणारे कोण ते कळावं म्हणून. बगदादच्या खलिफाच्या काळातली अशीच एक गोष्ट सांगतात: मानीच्या चित्रावर थुंका आणि हा पक्षी मारा, नाहीतर मान उडेल. आणि इथं जर्मनीत, गोस्लारला, १०५१ च्या नाताळात सम्राटानं काही माणसांना फाशी दिलं. कोंबडी मारायला सांगितली आणि त्यांनी नकार दिला, एवढं त्यांच्या पाखंडाला पुरलं. ते मानीचे नव्हते बहुधा, नंतर दक्षिण फ्रान्समध्ये जे कॅथर नावाचे पाखंडी ख्रिस्ती झाले त्यांच्या जातकुळीचे असावेत. कॅथर साधूही मांस, अंडी, दूध, चीज काही खायचे नाहीत, कारण ते सगळं नर-मादीच्या संगातून आलेलं. मासे मात्र चालायचे, मासे पाण्यातून आपोआप होतात अशी समजूत. मालवणच्या आपल्या पाहुण्यांना हा पंथ मानवला असता.

गोस्लारची गोष्ट मी ईराला सांगितली. मला वाटलं खूश होईल. ती म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलं. तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

चीनपर्यंत गेला हा पंथ. मंगोलियातल्या उइगुर राजानं आठव्या शतकात तो घेतला. तिथल्या शिलालेखात कोरलंय की रक्ताची वाफ निघणारा हा मुलूख आता भाजी खाणारा झाला. पुढं चिनी अधिकारी यांना 'भाजी खाऊन सैतान भजणारे' म्हणायचे. शेवटी फुजियान प्रांतात एका डोंगराच्या पायथ्याशी एक देऊळ उरलं. आत १३३९ मध्ये कोरलेली मानीची दगडी मूर्ती आहे, आणि गावकरी तिला उजेडाचा बुद्ध म्हणून आजही उदबत्ती लावतात.

आता खरं विचारायचं ते. आपण सातवीत होतो, तुमच्या गल्लीत मुनी महाराजांचा चातुर्मास होता. काकूंनी चौका लावला होता, म्हणजे महाराजांच्या आहारासाठी सोवळ्यानं स्वयंपाक मांडला होता. तीनला उठून ओल्या लुगड्यानं विहिरीचं पाणी काढून गाळलं, जात्यावर पीठ दळलं. मी उंबऱ्याबाहेर उभा, आत यायला बंदी. दारात तुम्ही सगळे "हे स्वामी नमोऽस्तु" म्हणून उभे, आणि महाराज तुमच्याच दारी थांबले. उभ्यानं, ओंजळीत घेऊन जेवले. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुझे अप्पा पुढं कधीतरी म्हणाले होते, चुलीत, जात्यात, उखळात जी हिंसा होते तिला आरंभी हिंसा म्हणतात, ती गृहस्थाला सुटत नाही. तेव्हा मी ते कानाआड केलं. आता वाटतं, त्या घरातली सगळी आरंभी हिंसा एकट्या काकूंच्या खात्यावर पडत होती, आणि त्यांना ते माहीत होतं, आणि तरी त्या आनंदानं रडत होत्या. मानीच्या श्रावक बायकाही अशाच रडत असतील का? टवाळी लिहिणाऱ्यांनी त्यांना विचारलेलं दिसत नाही.

काकू आता अठ्ठ्याऐंशीच्या ना? ऐकू येतं का नीट? माझं नाव सांग आणि एवढं विचार: महाराज जेवून गेल्यावर, त्या दिवशी त्या स्वतः किती वाजता जेवल्या, आणि काय? ईराला हवंय. खरं तर मलाच.

खरबूज गोड निघालं. बिया सुकत घातल्यात.

तुझा,
दिनू

ता.क. वहिनींना सांग, पिठल्याचं बेसन संपत आलं. या घरात आता सगळ्यांना चालणारा तो एकच पदार्थ आहे. इकडं मिळतं ते बेसन जाडसर. सप्टेंबरात तुमचा संजू येणार आहे ना, त्याच्याबरोबर दोन किलो धाडा. आणि हो, पिठलं हल्ली मी करतो.